गोदाबाईंचा नवस

१८ सप्टेंबर १९५६
आले बाई एकदाची बऱ्हाणपुरात! अकोल्याला आईनं असा पदर डोळ्यांना लावला, जणू लेक काळ्या पाण्यावर चालली. उद्यापासून मी मराठी शाळेत कोकिळा मास्तरीण. नवं राज्य झालं की शाळा हिंदी होणार म्हणतात. होईना, तेव्हाचं तेव्हा. खोली गोदाबाईंच्या घरी. विधवा, एकट्या, फार मायाळू. त्यांची लेक मालती आज असती तर माझ्याच वयाची असती म्हणाल्या. पुढं ठेवलेली सगळी केळी मी फस्त केली. हल्ली भूकच भारी लागते.

२५ सप्टेंबर
सकाळी भानावर आले ती स्वयंपाकघरात. लुगडं घामानं चिंब, हात थरथरताहेत, तोंडात गूळ. इथं कशी आले, आठवेना. गोदाबाई म्हणतात, मी त्यांना ओळखलंच नाही. घोगऱ्या आवाजात नुसती गूळ मागत होते. गूळ पोटात गेला आणि शहाण्यासारखा चहा मागितला म्हणे! दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

२९ सप्टेंबर
पुन्हा तेच. शेजारच्या सरुबाई सांगून गेल्या, बाहेरचं आहे, हिच्या तोंडानं तेच गोड खातं. गोदाबाई तेव्हापासून देवीपुढंच बसून आहेत.

१ ऑक्टोबर
दवाखान्यात डॉक्टर यादवांनी उपाशीपोटी रक्त तपासलं. साखर फारच खाली. स्वादुपिंडात गाठ असावी म्हणाले. ती भलत्या वेळी इन्शुलिन सोडते, रक्तातली साखर संपते आणि मेंदूच उपाशी पडतो. म्हणून घाम, म्हणून भ्रम. मुंबईला ऑपरेशन करावं लागेल. तोवर उपाशी राहायचं नाही, राहिले तर जीव जाईल.
भूत नाही, गाठ आहे! रस्त्यातच रडू फुटलं. येताना मावा जिलबी खाल्ली. गूळ उशाशी ठेवलाय.

४ ऑक्टोबर
गोदाबाईंना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आज पहाटे मीच त्यांचे पाय धरले. नवरात्रात उपाशी ठेवा, कितीही मागितलं तरी देऊ नका, असं देवीपुढं वचन घेतलं. उशाचा गूळही मीच काढून दिला.
मला यातलं काहीच आठवत नाही.
मालतीलाही असंच झालं होतं म्हणे. आपण दया येऊन तिला खायला दिलं, म्हणून ती गेली, असं त्या धरून बसल्यात. भीती वाटते. उद्याच खोली सोडते.

५ ऑक्टोबर, घटस्थापना
खोलीला बाहेरून कडी. मला ताप आल्याचं गोदाबाईंनी शाळेत कळवलंय. पोटात नुसतं तीर्थ. मी शुद्धीवर आहे. शांतपणे सांगितलं, डॉक्टरांना बोलवा. दाराआड गोदाबाई रडताहेत.
"कोकिळा अशीच गोड बोलायची," त्या म्हणाल्या. "तू तिचा आवाज काढू नको."
आता काय बोलू? कुठल्या आवाजात?

६
नैवेद्याचा शिरा — वास येतोय. घाम. अक्षर हलतंय —
आई, मुंबईला —
गोदाबाई, मीच आहे, मी को —
कडी वाजली. आल्या. नाही — त्यांनी दुसरी ला