कोरियातून आलेली तबकडी

आबा, तुमची कोरियाची ग्रामोफोनची तबकडी अजून माझ्या कपाटात आहे. तिथे फौजेत असताना एका काळ्या अमेरिकन ड्रायव्हरने ती तुम्हाला दिली होती; त्याच्याच लोकांचं गाणं, पायाला ताल धरायला लावणारं. पुढे सांगलीत तुम्ही लाउडस्पीकरचा धंदा काढलात. लग्नाच्या मांडवात तबकड्यांची अदलाबदल व्हायची, म्हणून तुम्ही प्रत्येक लेबलावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचात. तो ठिपका दाखवत, तबकडी उंच धरून, मी कॉलेजपासून सभा गाजवल्या. ज्याला त्याच्याच देशात गोऱ्यांशेजारी बसू देत नव्हते, त्याने माझ्या बापाच्या हातात हे दिलं, असं म्हटलं की मैदान शांत व्हायचं.

सत्तरच्या दशकातली ती साताऱ्याची सभा. तिच्या आदल्या दिवशी पाचगणीच्या शाळेतल्या संगीताच्या मास्तरांना मी तबकडी तोऱ्यात दाखवायला नेली. असल्या तबकड्या ते जमवायचे. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. एक ओरखडा नाही. मग लावली, तर सुरुवातीपासून खरखर. "ओरखडे हिच्यावर नाहीत, हिच्या आवाजात आहेत," ते म्हणाले. "कुणीतरी झिजलेली तबकडी वाजवून त्यावरून ही चोरून काढली आहे. लेबलही फोटोवरून छापलंय, बारीक अक्षरं फुटलीत बघा. ही त्या काळातली नव्हे. अलीकडची नक्कल आहे."

घाट उतरताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. नक्कल असेल, तर तो ड्रायव्हर तरी होता का? संध्याकाळी दुकानात तुम्ही कर्ण्याची वायर सोलत बसला आहात. मी उभ्या उभ्याच विचारतो.

"आबा, ही नक्कल हाय म्हणत्यात."

"कोन म्हणतं?"

"पाचगणीचे मास्तर."

"हुशार हायत." तुम्ही मान वर करत नाही. "मूळची चिरली रं. विट्याच्या लग्नात नवरदेवाचा मामा बसला तिच्यावर. लय वजनदार आसामी. मग बोटीवरच्या एका खलाशाला सांगून ही आणवली. ठिपका मीच दिला."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू एवढा रंगात येऊन बोलतूस. मधी कवा सांगू?"

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात मी खरं तेच सांगितलं, की हातातली नक्कल आहे, मूळ फुटली. मागून एकाने विचारलं, "मग मूळ होती कशावरून?" तुम्ही बाजूला अॅम्प्लिफायरपाशी बसला होतात, हात बटणावर. "माझे वडील सांगतात म्हणून," मी गरजलो. टाळ्या पडल्या. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहत राहिलात, आणि त्या नजरेत समाधान होतं की भीती, हे मला आजही ठरवता येत नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो. मंत्र्यांपासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांकडे मी आयुष्यभर पुरावे मागितले. विट्याला सभांसाठी कितीदा गेलो. नवरदेवाचे ते मामा बरीच वर्षं बाजारपेठेत भावाच्या दुकानासमोर बसलेले असायचे. त्या लग्नात तुम्ही खरंच तबकडीवर बसलात का, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, पण ते दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो.