किल्ली घेण्याआधी

मी, खाली सही करणारी, नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगत आले. आज डोकं ठिकाणावर आहे, कोणी हात धरून लिहून घेत नाही. माझ्यामागे असं व्हावं:

१. बँकेतली ठेव आजारपणातून उरेल तेवढी वहिनीला. तिनं मला जन्मभर "आमच्या नाटकवाल्या बाई" म्हणून टोमणे मारले, पण माझ्या तापात उशाशी तीच बसली.

२. आरामखुर्ची आमच्या नायकाला. प्रत्येक प्रयोगानंतर म्हणायचा, "बाई, मी विसरलो नव्हतो, तो पॉज होता." आता निवांत पॉज घ्यावा.

३. आमच्या जुन्या नाटककाराच्या नाटकांचा संच कंपनीला. तो माझ्या जन्माआधीच गेला, तरी माझ्या घरातलं सगळं त्याला ठाऊक होतं. त्याच्या नाटकांत दुष्ट माणूस सापडत नाही. घाबरलेली माणसं सापडतात, आणि प्रत्येकाकडे पटेल असं कारण असतं. सासू बोलली की मी सासूची, सून बोलली की सुनेची. एवढं शहाणपण मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

४. राहतं घर भाचा आणि भाची यांना निम्मं निम्मं. माझा भाऊ, म्हणजे त्यांचे वडील, गेल्यापासून दोघं बोलत नाहीत. तो म्हणतो, "बाबांचं आजारपण मी काढलं, ही नुसती फोन करायची." ती म्हणते, "यानं मला कधी बोलावलं? पाहुण्यासारखं कळवलं." दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत.

कंपनीत दोन नट भांडले की दिग्दर्शक एका तालमीपुरत्या त्यांच्या भूमिका बदलायचे. म्हणून अट घातली होती: किल्ली घेण्याआधी माझ्या पुढच्या खोलीत भाच्यानं बहिणीची बाजू मांडावी, तिनं भावाची, आणि ऐकणाऱ्यानं "हो, असंच होतं," म्हणावं.

वकील म्हणाले, "बाई, हे कायद्यात बसायचं नाही."

रात्रभर रुसले. मग पटलं. त्या नाटककारानंही कुणाला जबरदस्तीनं शहाणं केलं नाही. म्हणून अट काढली. घर तुमचंच आहे, बोला किंवा न बोला. उरली ती आत्याची विनंती.

पहिल्याच वाक्याला अडखळाल. तेव्हा विंगेकडे बघू नका, मी तिथे नसेन. ज्याची बाजू मांडताय, त्यानंच पुढचा शब्द हळूच सांगावा.

साक्षीदार: कंपनीची रंगभूषाकार (सही)
शेजारचे डॉक्टर (सही)

लिहून देणार: आत्या (सही)
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: ७ मार्च