सैल कॉलर

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. धायरी

संध्याकाळपासून कशात लक्ष नाही. सात महिन्यांच्या ड्यूटीवरून परतताना आमच्या निखिलचं नौदलाचं जहाज माल्टाच्या जुन्या आरमारी बंदरात थांबलंय. तिथल्या तोफेशेजारी उभा असलेला त्याचा फोटो आला. गणवेशाची कॉलर केवढी सैल दिसतेय. तरी हौसेने फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या मजल्यावरच्या परांजप्यांनी लगेच विचारलं, "चिरंजीव सहलीला वाटतं?"

मला राहवलं नाही. लिहिलं, "सहल नव्हे. रविवारी जहाज तिथून निघेल." जहाजाच्या तारखा कुणाला सांगायच्या नसतात, हे मला पाठ आहे. आणि सांगितल्या कशासाठी, तर परांजप्यांना गप्प करायला. मेसेज पुसला, पण त्यांचा अंगठा त्यावर आधीच आला होता.

निखिलचा फोन आल्यावर मीच कबूल केलं. तो म्हणाला, "बाबा, घरी कधी येतोय ते आता तुम्हालाही नाही सांगत." बरोबरच आहे त्याचं. मी फोन ठेवला.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कॉलर किती सैल झालीय हो त्याची. जेवतो ना नीट?"

मी हो म्हणालो. विचारलं कुठे होतं?