कर्ण्यासमोर बसलेल्या आई

अहो,

मी आईंना घेऊन परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे जायलेय. घाबरू नका, बातमी चांगली आहे. वरण-भात झाकून ठेवलाय. संध्याकाळी कर्णे बघायला सोनपेठचा माणूस येईल, त्याला विकायचे नाहीत म्हणून सांगा. विकायचा हट्ट मीच धरला होता, माफ करा.

सकाळी तुम्ही शाळेत गेल्यावर, तुमचे ते कपाटाएवढे लाकडी कर्णे, म्हणजे जुने स्पीकर, चालतात का बघावं म्हणून मी त्यावर कीर्तन लावलं. अँप्लिफायर दोनच वॉटचा, म्हटलं काय वाजणार! पण अख्खं घर भरून गेलं. मागच्या खोलीतून आई उठून आल्या अन् कर्ण्याच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "महाराज चुकायलेत गं. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी. शिशुपाल तर तिला ठरवलेला नवरदेव व्हता."

मी जवळ जाऊन ओरडून विचारलं, "आई, मग तुम्ही माझ्याशी का बोलत नाही?"

"तू तोंडातल्या तोंडात बोलतीस," म्हणाल्या. मला हसू आलं अन् रडूही.

दिवाळीपासून आपण समजत होतो की त्यांना काही आठवतच नाही. अहो, कान गेलेत, डोकं लय जागेवर आहे. एवढे महिने त्यांच्यासमोर बसून आपण त्यांच्याबद्दल काय काय बोललो, ते त्यांना ऐकू गेलं नाही, हेच नशीब.

निवेदिता