नांगरावरची लाल पाटी

६ जानेवारी १९८६, सोमवार

आलो एकदाचा! बसवाल्याने केल्डरिगच्या फाट्यावर सोडलं, तिथून दीड मैल बर्फ तुडवत, पाठीवर पिशवी. पण समोर स्टेशनची हिरवी कमान दिसली आणि कमानीखाली हेस्टर उभी होती, लाल टोपी घालून. लीड्सहून इथवरचा सगळा शीण तिथेच उतरला.

आता घरी लिहावं लागेल, की नेडने कॉलेज सोडलं. सोडलं तर सोडलं. वर्गात सरांच्या अंगावर वही भिरकावल्यावर तसंही तिथे काय राहिलं होतं? कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करणारी हेस्टर नाताळाला गावी परतली. जाताना म्हणाली, की हिवाळ्यात तिथलं रेल्वे संग्रहालय बंद असतं, तेव्हाच खरं काम असतं, आणि हौशी हात कधीच पुरे पडत नाहीत. ये की. मी आलो. कुणी हसायचं तर हसा.

मुक्काम एका जुन्या शयनडब्यात. कोळशाची शेगडी आहे, खिडकीतून खोरं दिसतं. कामाचा म्होरक्या विल्फ ऍलनबी, सत्तरीला आलेला, भुवया एवढ्या की त्यांना वेगळी टोपी लागेल. मला बघून म्हणाला, हा का तो कॉलेजवाला? या प्रोफेसर, फावडं कुठल्या बाजूने धरतात ते आज शिकवतो. त्याची बायको एडना चहाचं बघते. तिने खुंटीवर माझ्यासाठी निळा मग टांगला. आणि विल्फने स्वतःच्या हाताने एका लाल पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं: ‘हलवू नका’, आणि त्याखाली: ‘नेड फॉदरगिल’.

इथे प्रत्येकाची अशी पाटी असते. इंजिनाखाली किंवा डब्याखाली शिरायचं तर आधी आपली पाटी त्यावर टांगायची. ती असेपर्यंत गाडी तसूभरही हलवायची नाही, आणि ज्याची पाटी त्यानेच ती उतरवायची. अर्धवट काम दुसऱ्याने उचलायचं असेल तर त्याने आधी आपली पाटी टांगायची, मग पहिल्याची काढायची, आणि काम कुठवर आलंय ते स्वतः खाली उतरून बघायचं. विल्फने हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. शाळेतल्या पाढ्यांसारखं.

माझं नाव कुणी एवढं सुबक अक्षरात कधी लिहिलं नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार

हात सोलून निघालेत. दिवसभर रूळ तपासत चाललो. इथले रूळ लोखंडी बैठकांत, त्यांना खुर्च्या म्हणतात, बसवलेले, बाजूने लाकडी पाचर ठोकलेली. थंडीत पाचरी आकसतात, सैल होतात, त्या लांब दांड्याच्या हातोड्याने परत ठोकायच्या. तीन घाव. पाचर घट्ट बसली की आवाज बदलतो. विल्फ म्हणे, कान दे प्रोफेसर, पुस्तकात नाही हे. पहिल्या दहातल्या चार पाचरी मी हुकवल्या. एडनाने विचारलं, की हा रुळांना ठोकतोय की रागाला? सगळे हसले. मीपण.

दुपारी शेड झाडायला दिली. शेवटच्या रुळावर बर्फ सारायचा जुना नांगर उभा आहे. बोटीच्या नाळेसारखं पुढे आलेलं काळं पोलादी पातं, दोन माणसांएवढं उंच. चाकं गंजून रुळांना चिकटलेली. खाली दुरुस्तीसाठी माणूस उभा राहील एवढा खड्डा, सहा पायऱ्यांचा. आणि नांगराच्या कडीला एक लाल पाटी. रंग उडालेला, नाव वाचता येतं: ‘कथबर्ट रेन’.

हेस्टरचं आडनाव रेन.

नांगराच्या पायरीवर चहाचा मग होता. भरलेला, वाफाळता. शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

आज सायलसला पत्र टाकलं. कॉलेजात एका खोलीत राहून दोन वर्षं माझी भांडणं निस्तरली त्याने, त्याला न सांगता निघून आलो हे बरं केलं नाही. लिहिलं, की फेब्रुवारीच्या सुट्टीत ये, हवा झकास, एडनाचा आल्याचा केक खाऊन बघ, तुझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला इथले नियम फार आवडतील.

शेडमधून ठोकण्याचा आवाज येतो. तीन घाव, थोडं थांबून पुन्हा तीन. आत गेलो तर कुणी नाही. विल्फला विचारलं तर म्हणाला, लोखंड थंडीत कुरकुरतं. मी म्हटलं, लोखंडाला तीनपर्यंत मोजता येतं का? पाईप पेटवायला तीन काड्या लागल्या त्याला, वारा नसताना.

नांगरावरचा तो मग रिकामा होतो. मी मुद्दाम पाहिलं. अकराला हेस्टर ठेवते, साडेअकराला रिकामा.

१६ जानेवारी, गुरुवार

हेस्टरने स्वतःहून सांगितलं. दोघं वळणावर बर्फ उकरत होतो. कथबर्ट तिचे वडील. अकरा वर्षांपूर्वी असाच हिवाळा होता. ते नांगराखाली उतरले होते, पाटी टांगलेली होती. गावाचा रस्ता बंद पडला, नांगर तातडीने हवा होता. धुक्यात कुणी पाटी बघितली नाही. नांगर मागून ढकलला गेला, चारेक हात. मग ओरडा झाला, सगळे धावले.

खड्ड्यात काही नव्हतं. माणूस नाही, रक्त नाही, हातोडासुद्धा नाही.

कुणी ढकलला, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ती रडत होती, आणि मी तिचा हात धरला होता. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला तिच्या वडिलांची पर्वा नव्हती. हात धरलाय, एवढंच होतं.

म्हणाली, तू कुणाचं ऐकून घेत नाहीस ना, तेच मला आवडतं. कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.

२१ जानेवारी, मंगळवार

विल्फशी वाजलं. सगळ्यांसमोर म्हणाला, नांगराजवळ घुटमळू नकोस, त्या पाटीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मेलेल्या माणसाची पाटी आहे, एका पोरीला रोज बघावी लागते, काढून का टाकत नाही? तो म्हणाला, काढायला जिगर लागते प्रोफेसर, कॉलेजातून पळालेल्यांचं काम नाही ते.

मी हातोडा फेकला. कुणाला लागला नाही, खिडकीची काच गेली.

एडना काचा गोळा करत होती. माझ्याकडे बघून डोळे पुसले तिने. मला वाटलं, माझ्या बाजूने रडतेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

हेस्टर संध्याकाळच्या चहाला माझ्या डब्यात आली. पहिल्यांदाच. म्हणाली, उद्या बाबांचा वाढदिवस. ती पाटी मला घरी न्यायची आहे, शेगडीच्या वर लावायची आहे. माझ्याने काढवत नाही नेड, दोनदा गेले, हात उचलवत नाही. तू काढशील? आणि लगेच म्हणाली, पण रीतीने. तुझी टांग, मग त्यांची काढ, मग खाली उतरून बघ. बाबा नियमाचे फार पक्के होते.

विल्फ खवळेल, मी म्हटलं. खवळू दे, ती म्हणाली, आणि माझ्या गालावर ओठ टेकवले.

तिचे ओठ बर्फासारखे गार होते. तरी मी आनंदाने झोपणार आहे आज.

२५ जानेवारी, शनिवार

सगळं नीट लिहितो. नीट लिहिलं तर कळेल कुठे चुकलं.

सकाळी दहा. लख्ख ऊन. शेडच्या दारात हेस्टर, आणि तिच्यामागे विल्फ आणि एडना. म्हटलं, आता हा अडवणार. त्याने अडवलं नाही. टोपी काढून उभा राहिला, दफनाला राहतात तसा.

तेव्हाच कळायला हवं होतं.

मी माझी पाटी टांगली. कथबर्टची काढली, ती गरम होती, हातात धरलेल्या मगाएवढी. हेस्टरच्या हाती दिली आणि पायऱ्या उतरलो. एक, दोन, तीन. चौथीवर कुणीतरी खांद्याला घासून वर गेलं. ओली लोकर, तेल, तंबाखू. खड्डा एवढा अरुंद की दोघांना वाट नाही. तरी गेलं.

वर हेस्टरची किंकाळी. आनंदाची. बाबा, बाबा, बाबा.

मी वर निघालो. सहा पायऱ्या. सात. आठ. वीसपर्यंत मोजल्या, मग पायाखाली पुन्हा खड्ड्याची फरशी होती.

तिथेच, थोड्या वेळाने

वही खिशातच होती. रुळांच्या फटीतून ऊन पडतं, त्यात लिहितोय. त्यांचे बूट दिसतात. एक जोडी जुनी, अकरा वर्षांपूर्वीची. तो माणूस रडतोय. विल्फ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणतोय, माफ कर कथबर्ट, धुकं होतं रे, मी बघितलंच नाही. माफ कर.

म्हणजे विल्फने ढकलला होता.

मी ओरडलो. विल्फ, मी खाली आहे! त्याचे गुडघे थबकले. ऐकू आलं त्याला. तो उठला आणि कथबर्टला धरून बाहेर घेऊन गेला.

मागे वळून न बघता.

२६ — रविवार असावा

‘काढायला जिगर लागते.’ मला अडवत नव्हता तो. डिवचत होता. पहिल्या दिवसापासून. पाटीवरचं ते सुबक अक्षर. एडनाचे डोळे. सगळ्यांना ठाऊक होतं. मला घोटवून घोटवून नियम शिकवला — कारण चुकून चाललं नसतं, राजीखुशीने, स्वतःच्या हाताने —

अकराला हेस्टर आली. पायरीवर मग ठेवला. माझा निळा.

म्हणाली, त्रास होत नाही नेड, बाबा म्हणतात भूक लागत नाही, थंडीही नाही, फक्त चहाची आठवण होते. मी विचारलं, ते कँटीन, तो हात, ते सगळं खोटं होतं? तिने मगाचा कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, गालावरचं नाही.

ते ऐकून बरं वाटलं मला. अजूनही! थू माझ्यावर.

तारीख नाही

माझी पाटी वर आहे. माझीच. मीच उतरवू शकतो. हात पुरत नाही. पाय रोवून उड्या मारल्या. चार बोटं राहतात. नेहमी चार बोटं.

इथे एक हातोडा आहे. दांड्यावर क. रे. कोरलेलं. तीन घाव, थांबायचं, तीन घाव. दुसरं काय करणार —

निळा मग येतो. चहा संपतो. मी पीत नाही, तरी संपतो.

तारीख नाही

तिला म्हटलं, तुझ्या बाबांसाठी तू होतीस. माझ्यासाठी कोण आणणार कुणाला? मला कुणी नाही. जे होते त्यांच्याशी भांडून आलो.

ती म्हणाली, तुझं पत्र आलंय. लीड्सहून. सायलस नावाचा कुणी. गुरुवारी येतोय.

मी म्हटलं, येऊ नकोस म्हणून कळव त्याला. हेस्टर, कळव.

ती रिकामा मग उचलून निघाली.

मी पुन्हा म्हटलं नाही.

गुरुवार

बूट. तपकिरी, नीट बांधलेले, दुहेरी गाठ. सायलसच तो.

विल्फ त्याला सांगतोय, नेड ना, डोकं फिरलं आणि गेला निघून, काचही फोडून गेला. सायलस म्हणतो, छे, नेड तडकतो, पण पळत नाही. मला भेटल्याशिवाय जायचा नाही तो.

एवढा विश्वास कुणी ठेवला माझ्यावर —

त्याने पाटी वाचली. नाव मोठ्याने वाचलं.

हेस्टर आली. तोच आवाज. म्हणते, त्याची आठवण म्हणून त्याच्या आईकडे पोचव ना ही पाटी. पण रीतीने. विल्फने तुझ्या नावाची रंगवलीय. आधी तुझी टांग.

ती हे माझ्यासाठी करतेय. माझ्यासाठी!

सायलस म्हणतो, अर्थात, नियम तो नियम. पत्रा कडीत अडकल्याचा आवाज.

ओरडलो तर त्याला ऐकू जाईल. विल्फला गेलं होतं. एक हाक. दोन अक्षरं. थांब. एवढंच म्हणायचं आहे. हात लिहितोय, तोंड उघडत नाही —

माझी पाटी निघाली. वरून उजेड येतोय. पायऱ्या सहाच दिसतात आता. सहाच.

तो उतरतोय. एक.

सायलस, मी ओरडणार आहे, आत्ता, हे वाक्य संपलं की —

दोन.

तीन. त्याचा खांदा एवढा जव—