मेथी निघेपर्यंत

पंजाबदादाले,

काल सुचितावहिनी आली होती. कोर्टाच्या दंडाचे पैसे तू तिच्या हातानं धाडले. म्हने, "ताई, भरून टाका अन् मोकळ्या व्हा." मी तिले चहा पाजला अन् पैसे तिच्याच पिशवीत परत टाकले.

सेठचा काटा मी रस्त्यावर आपटला, हे मी जजसमोर पह्यल्याच दिवशी कबूल केलं. माहे वांगे त्या काट्यावर दर बाजारी कमी भरत. तोलाले सेठचा मापारी म्हनून तूच उभा राहे. तरी तू शपथ घेऊन सांगतलं, काटा बरोबर होता. माह्याकडं पाह्यलंही नाही.

दंड लागला तवा मी म्हटलं, "साहेब, भरतो, पन मेथी निघेपर्यंत मुदत द्या." साहेबानं विचारलं, "घरचं कोणी भरणार नाही का?" तू मांगच्या बाकावरच बसून होता. मी म्हटलं, "नाही." मुदत भेटली.

औंदा वांगे लावलेच नाही. मेथी जुडीनं विकते, तिले कोनाचाच काटा लागत नाही. शेलूबाजारात सेठच्या दुकानासमोरच बसून विकनार हाओ.

हे पत्र काही धाडत नाही. शपथ घेऊन खोटं बोलनारा चिठ्ठीले काय खरं उत्तर देईन? बाजाराच्या दिवशी तू सेठच्या दुकानी येशीनच, मंग चारचौघात विचारतो. काटा बरोबर होता, तर माह्या दंडाचे पैसे कायले धाडले?

तरीही तुहीच लहानी बहीण,
अंजना