रोसित्साचे सगळे कप्पे

प्लॉवडिव, १४ सप्टेंबर

आज ढग होते. बाजारातून काकड्या आणल्या, जिना झाडला. दुपारी तुमचा फोन आला, तुमच्या बहिणीच्या पत्रकावरून तुम्ही रागावलात, आणि मला सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

आदरणीय वेनेताताई,

तुम्हाला आणि भावजींना नमस्कार. वार्नाच्या समुद्रवाऱ्यात तुमचा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा करतो. मी ठीक आहे (तुम्ही पाठवलेलं लोणचं संपलं, यावरून समजून घ्यावं).

रोसित्साला जाऊन सहा महिने होतात, म्हणून रीतीप्रमाणे इमारतीच्या दारावर लावायचं तिच्या स्मृतीचं पत्रक मीच छापलं. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांची पत्रकं माझ्या प्रोग्रॅमवरच निघतात. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक कपाट, आणि नाव, वय, फोटो हे त्याचे कप्पे. एरवी कोणता कप्पा छापायचा ते मी एकेक ओळ लिहून सांगतो. या वेळी ‘नाव’ लिहिलं आणि ‘मृत्युदिन’ लिहायला हात चालेना. मग मी एक पळवाट काढली. प्रोग्रॅमला आरशासमोर उभं करता येतं: या कपाटाला कप्पे कोणते आहेत ते तुझं तूच बघ, आणि एकामागून एक सगळे छाप. काही कप्पे खाजगी असतात, तिथे ही फेरी अडली. तेही उघडायची परवानगी मी देऊन टाकली (त्याला एक ओळ लागते, विचार लागत नाही).

विसरलो ते एवढंच, की रोसित्साचं कपाट माझ्याकडे फार जुनं आहे. प्रोग्रॅम तपासायला एक खोटा माणूस लागतो. लोक कुणीतरी अमुकतमुक घेतात, मी तिलाच घ्यायचो. तपासणीसाठी नवा कप्पा हवा असला, की स्वयंपाकघरात ती जे करत असेल ते लिहून टाकायचो. परवा छापलेल्या कागदावर तिचा फोटो होता, त्यामुळे मला बघवेना. मान वळवूनच दारावर चिकटवला आणि वर आलो. थोडा तिरका लागला.

तर नाव, फोटो आणि तारखेच्या खाली सगळ्या इमारतीनं वाचलं: चपलेचा नंबर अडतीस. शेपू: चालत नाही. घोरते: हो (तिला मान्य नाही). रागावली की: भांडी घासते. बहिणीचा सल्ला: ऐकावा, पाळू नये.

तिसऱ्या मजल्यावरचा गेन्चो लगेच बेल वाजवून म्हणाला, “ल्युबेन, बाबा रे, माझं पत्रक तू करू नकोस. माझी बायको जिवंतपणीच पुरेसं सांगते.” मग शेजारच्या त्सोन्काकाकू कागद खरवडायला सुरी घेऊन खाली गेल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत, म्हणून मी पाहायला गेलो. त्या वाचत उभ्या होत्या. म्हणाल्या, “बाकीच्या दारांवर सगळे सारखेच सद्गुणी. ही मात्र आपली रोसित्साच आहे. अडतीस नंबर होय? तरीच ती घालून जायची त्या माझ्या चपला ढिल्या झाल्या.” आणि सुरी तशीच घेऊन परत गेल्या. त्यानंतर मी पहिल्यांदा फोटोकडे नीट पाहिलं.

पत्रकासाठी तुम्ही फोनवर सांगितलेल्या ओळी चांगल्या आहेत, ताई. पण त्याच गेन्चोच्या सासूच्या पत्रकावर होत्या, आणि तिला कुणी त्यांवरून ओळखलं नाही.

आपला,
ल्युबेन

ता. क. सल्ल्याचा कप्पा मी लिहिला नव्हता. माझ्या मागे उभी राहून तिनंच टाइप केला होता. तसं पाहिलं तर तुमचा प्रत्येक सल्ला तिनं पाळला. माझ्याशी लग्न करू नकोस, हा तेवढा सोडून.

ता. क. तुमच्या फोननंतर मी पत्रक काढलं. त्सोन्काकाकूंनी ते परत लावलं, या वेळी सरळ.

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. सगळ्यात खाली ‘लहानपणी घरी कोणत्या नावानं हाक मारायचे’ असा कप्पा आहे. तो रिकामा छापला गेला. विचारलं की ती हसायची आणि विषय बदलायची. तुम्हाला माहीत असेल. कळवलंत तर मी ते हातानं लिहीन.

काकड्या चिरून दह्यात घातल्या आहेत. आज बऱ्याच दिवसांनी त्यात घालायला शेपूची जुडीही आणली होती. ती धुऊन पेल्यात उभी केली आहे. तशीच राहू देतो, आणि जेवायला बसतो.